ऐकवला एक, बांधून दिला दुसरा

मी चाळीसगाव तालुक्यात शिक्षक आहे. नात्यातल्या वडीलधाऱ्या बायकांकडून जात्यावरच्या अहिराणी ओव्या आणि नागपंचमीनंतरच्या रविवारी बसणाऱ्या कानबाई या खानदेशातल्या देवीची गाणी मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ती शब्दशः उतरवून घेण्याचे काम मी काही वर्षे करीत आहे. जात्याच्या घरघरीत शब्द बुडतात, म्हणून चांगला हेडफोन घ्यावा असे ठरवले. त्या खरेदीत माझी जी फसवणूक झाली, ती इतरांची होऊ नये यासाठी हे लिहीत आहे.

पाचोऱ्यावरून रेल्वेने जळगावला गेलो आणि एका मोठ्या दुकानात तीन हेडफोन लावून पाहिले. पहिला कानावर टेकणारा होता. चष्म्याची काडी दाबली जाऊन दहा मिनिटांत कानशील दुखू लागले. दुसरा बिनतारी होता. त्याच्या गाद्या मऊ होत्या, पण ढोलकीचा ठोका इतका फुगत होता की गाणाऱ्या बाईचा आवाज मागे पडत होता. तिसरा सोनीचा एमडीआर-७५०६, म्हणजे १९९१ पासून ध्वनिमुद्रण करणाऱ्यांच्या वापरात असलेला, पूर्ण कान झाकणारा, ४० मिलिमीटर ड्रायव्हरचा (आतल्या आवाज काढणाऱ्या भागाचा). त्यात मीच मुद्रित केलेली ओवी लावली, तेव्हा जात्याचा खुंटा धरलेल्या हातातल्या बांगड्यांची किणकिण वेगळी ऐकू आली आणि शब्द घरघरीपासून सुटे झाले. मला हवे होते ते हेच होते. दुकानदार तिसरा हेडफोन लावताना आवाज थोडा वाढवत होता, हे मला नंतर उमगले. जे मोठ्याने वाजते ते कानाला अधिक चांगले भासते, त्यामुळे तुलना करताना तिन्हींचा आवाज सारखा ठेवून ऐकायला हवे. तरीही बांगड्यांची ती किणकिण खरी होती आणि तो हेडफोनही खरा होता.

फसवणूक झाली ती यानंतर. ‘सर, हा दाखवायचा पीस आहे, तुम्हाला नवा सीलबंद देतो,’ असे म्हणून त्याने आतून खोका आणला. साडेसात हजार रुपये रोख घेतले. पक्के बिल मागितले, तर ‘बिल घेतले तर जीएसटी वेगळा लागेल, वॉरंटीची काळजी करू नका, मी बसलोय ना,’ असे म्हणून कोऱ्या चिठ्ठीवर रक्कम लिहून दिली. परतीच्या गाडीची वेळ झाली होती आणि मी सील न फोडता निघालो. ही माझी चूक महागात पडली.

घरी तोच मोबाइल आणि तीच ओवी लावली, तर घरघर पुढे आणि शब्द मागे. वापरून वापरून आवाज मोकळा होईल, अशी समजूत घालून मी पंधरा दिवस त्यावरच काम केले. रेक्झिनच्या पातळ गादीतून आतली जाळी कानाला टोचत होती, आणि आमच्याकडच्या उन्हाळ्यात अर्ध्या तासात कान घामाने भिजत होते. शेवटी मावशीला तिचीच ओवी ऐकवली. तिने हेडफोन काढून ठेवला आणि म्हणाली, ‘हाऊ मना आवाज नही शे,’ म्हणजे हा माझा आवाज नाही. त्या क्षणी माझी शंका पक्की झाली.

भुसावळच्या एका ओळखीच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांनी मल्टिमीटरच्या काड्या पिनेच्या टोकाला आणि बुडाला लावल्या. खऱ्या हेडफोनचा विजेला होणारा रोध ६३ ओहम असा कंपनी सांगते, त्यामुळे आकडा साठच्या आसपास यायला हवा होता, आला ३१. मोठ्या पिनेचा जोड आट्यांवर फिरवून बसवायचा असतो, तोही बसतच नव्हता. खोक्यावर आयात करणाऱ्याचे नाव, पत्ता आणि सर्व करांसह कमाल किंमत छापलेली असणे कायद्याने आवश्यक आहे. माझ्या खोक्यावर यांपैकी काहीच नव्हते. पैसे देण्याआधी हे पाहायला अर्धा मिनिट पुरले असते.

दुकानदाराने ‘हा माल आमचा नाही’ असे सांगून हात वर केले. कमाल किमतीत सर्व कर धरलेलेच असतात, त्यामुळे बिल मागणाऱ्याकडून त्या किमतीवर वेगळा जीएसटी मागता येत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतून तक्रार घेतात, आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते; पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. मी तक्रार नोंदवली आहे, परंतु माझ्याकडे पुरावा म्हणून ती चिठ्ठीच आहे आणि तिच्यावर ना दुकानाचे नाव आहे, ना मॉडेलचा क्रमांक. खोका दुकानातच उघडून, त्यातलाच हेडफोन आपल्याच ध्वनिमुद्रणावर ऐकून, त्याचा क्रमांक बिलावर लिहून घेतल्याशिवाय कोणीही पैसे देऊ नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

त्या पंधरा दिवसांत उतरवलेल्या अकरा ओव्या मी आता भाच्याच्या हेडफोनवर पुन्हा ऐकत आहे. चार ओव्यांत शब्द चुकले आहेत. एकीत मावशी ‘भाऊ’ म्हणते आहे, तिथे मी ‘जाऊ’ लिहून ठेवले होते.