टेलिमानस १४४१६: फोनवर आधार पक्का, पण घरी कुणी येत नाही

१० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा मोफत आहे आणि चोवीस तास चालते. १४४१६ लावायचा, भाषा निवडायची आणि समुपदेशकाशी सरळ मराठीत बोलायचं. गरज पडली तर पुढे तज्ज्ञाकडे जोडून देतात. मनात मरणाचे विचार घोळत असतील, झोप उडाली असेल, किंवा अशा माणसापाशी तुम्ही रात्रभर जागत बसला असाल, तर बिनदिक्कत फोन करा. औषधांच्या पट्ट्या समोर ठेवा. शेवटची गोळी कधी घेतली, दारू किती झाली, घरात कीटकनाशक आहे का, हे सांगता आलं पाहिजे. कीटकनाशक असेल तर आधी शेजाऱ्याकडे नेऊन ठेवा, मग बोला.

ही सेवा कमी पडते ती माणूस कोयता घेऊन उभा राहतो तेव्हा. टेलिमानसचं पथक घरी येत नाही. अशा वेळी पोलिसांना ११२, आणि न्यायला १०८ ची रुग्णवाहिका. प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. नंदुरबारच्या माणसाने रात्री तिथवर जायचं कसं?

इथे मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ कामाला येतो. जिवाला किंवा दुसऱ्याला गंभीर इजा होण्याचा धोका असेल, तर कलम ९४ प्रमाणे कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो. प्रतिनिधी, म्हणजे पेशंटने आपल्या वतीने बोलायला नेमलेला माणूस, हजर असेल तर त्याची संमती घ्यायची. विजेचा शॉक मात्र या कलमाखाली देता येत नाही. म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात ‘आमच्याकडे मानसोपचारतज्ज्ञ नाही’ असं ऐकून परत फिरू नका. कलम ९४ चं नाव घ्या, शांतपणे घ्या.

पेशंट स्वतः भरती व्हायला तयार नसेल तर कलम ८९. प्रतिनिधीचा अर्ज लागतो. दोघांनी वेगवेगळं तपासावं लागतं आणि त्यांतला एक मानसोपचारतज्ज्ञच हवा. ही भरती जास्तीत जास्त ३० दिवसांची. या कायद्याखाली अशा भरत्या तपासणाऱ्या पुनरावलोकन मंडळाला दवाखान्याने ७ दिवसांत कळवायचं, बाई किंवा अल्पवयीन असेल तर ३ दिवसांत. प्रतिनिधीच्या अर्जावरच्या या भरतीला कोर्टाचा हुकूम लागत नाही. तो आणायला कुणी पाठवलं तर कलम दाखवा.

खासगी केंद्र निवडताना बागबगीचा नंतर बघा. व्यसनमुक्ती केंद्र असलं तरी आधी नोंदणी प्रमाणपत्र मागा. दारू-ड्रग्जचे विकार या कायद्यातच येतात. मग भिंत बघा. मंडळाचा पत्ता आणि फोन दिसेल अशा जागी लावलेला हवा, आणि भरती झालेल्याला तिथे फुकट फोन करू दिला पाहिजे. ‘महिनाभर फोन बंद’ असा नियम सांगणाऱ्या केंद्रात आपलं माणूस ठेवू नका. साखळीला तर कलम ९५ मध्ये साफ बंदी आहे. बांधून ठेवलं तर कारण लिहून २४ तासांत प्रतिनिधीला कळवावं लागतं. नोंदणी नसलेल्या केंद्राला पहिल्यांदा ५,००० ते ५०,००० रुपये दंड आहे. एवढ्याशा दंडाला कोण भितं? कायद्यातली ही सगळ्यात लंगडी बाजू.

माणूस बरा असताना त्याच्याकडून साध्या कागदावर प्रतिनिधीचं नाव लिहून सही किंवा अंगठा घ्या. स्टॅम्पपेपर लागत नाही. त्याची एक प्रत औषधांच्या डब्यातच ठेवा.