एशियन हँडिकॅप की युरोपियन? एका गोलाचा घोळ

फातोर्ड्याची फुटबॉल मॅच बघता बघता भाच्याने विचारलं, मामा, पैजेच्या एशियन नि युरोपियन हँडिकॅपमध्ये दोन्हीकडे -१ च लिहिलंय, मग फरक काय? आहे रे फरक. हँडिकॅप म्हणजे पैजेच्या हिशोबात टीमच्या गोलांतून आधीच काही गोल वजा धरायचे. समजा एफसी गोवा -१, आणि ती १-० जिंकली, तर एक गोल वजा करून हिशोब ०-० झाला. युरोपियनमध्ये बाजू तीन, ड्रॉ ही वेगळी, म्हणजे गोव्यावर लावलेले पैसे गेले. एशियनमध्ये बाजू दोनच, म्हणून पैसे जसेच्या तसे परत.

समजायला युरोपियन सोपं, पूर्ण गोलांचाच हिशोब. एशियनमध्ये -०.७५ आलं की डोकं गरगरतं, १००० मधले ५०० जातात -०.५ वर नि ५०० -१ वर, एका गोलाने जिंकली तर अर्ध्यावर कमाई, अर्धे परत. पण त्याच -१ ला भाव, म्हणजे जिंकल्यावर मिळणारा पट, युरोपियनमध्ये जास्त, परतीची सोय नाही ना, फुकट कोण देतो!

टीम दोन-तीन गोलांनी धुणारच असं वाटतं त्याला युरोपियन, एका गोलाची धाकधूक नको त्याला एशियन. बाकी २०२५ च्या कायद्याने पैशाच्या ऑनलाइन गेमना बंदी आहे, म्हणून आमची पैज चहा नि मिरची भज्यांची, -०.७५ ला भजी अर्धी तोडायची.