रद्दीवाल्याकडचा पुठ्ठा: घ्या, पण खोकं उलटं करून

मे महिन्यात पुण्याहून नातवंडं येतात. भुसावळात सकाळचे अकरा वाजले की बाहेर पाय ठेवायची सोय नाही, संध्याकाळी सहापर्यंत पोरं घरात कोंडलेली. गेल्या वर्षी सुनेने ऑनलाइन हस्तकलेचा डबा मागवला होता, साडेसहाशे रुपयांचा. आत सगळे तुकडे आधीच कापलेले, पोरांनी फक्त चिकटवायचे. दीड तासात खेळ आटोपला. तो डबा ज्या खोक्यातून आला, ते खोकं मात्र दोघांनी चार दिवस सोडलं नाही. म्हणून यंदा मी थेट यावल रोडच्या बाजूला एक रद्दीचं दुकान आहे तिथे गेलो.

पुठ्ठा तो १० रुपये किलोने घेतो, मला १६ सांगितला. बोलाचाली करून १५ वर आणला. १२ किलोचे १८० झाले, वर रिक्षाचे ६०. दुकानदार मूळचा अमळनेरकडचा, बोलायला मोकळा. पोरांना ढिगावर चढू दिलं, आणि मी विचारायच्या आत म्हणाला, "काका, पिना काढी ल्या बरं, पोरेसना हात फाटतीन." खरंच आहे. खोक्याच्या जोडावर जाड तारेच्या पिना असतात. पक्कड घेऊन त्या काढण्यातच आमची पहिली दुपार गेली.

मालात सगळ्यात सरस निघाली केळीची खोकी. रावेर-सावद्याकडून बाहेर देशी जाणारी केळी ज्यात साधारण १३ किलो भरतात, ती. छपाई चुकलेली, म्हणून न वापरलेली. जळगावच्या केळीला २०१६ साली जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं त्याचं कौतुक सगळे करतात, खोक्याचं कोणी करत नाही. त्याच्या कडेत डोळा घालून पाहा: तीन सपाट कागद आणि मधे दोन नागमोडी, म्हणजे पाच पदरी. किराणा दुकानातलं साधं खोकं बहुतेक तीन पदरीच. शिवाय केळ्यांना वारा लागावा म्हणून बाजूला भोकं आयती पाडलेली. थोरलीनेच सुचवलं, "आबा, कांदे यात ठेवू ना." अर्ध्यात आडवा पुठ्ठा घातला, खाली कांदे, वर लसूण. महिना झाला, एकही कांदा सडला नाही. हिने आधी नाक मुरडलं होतं, आता ओट्याखालून हलवू देत नाही.

चपलांची मांडणी मात्र फसली, आणि तो दोष माझा. पुठ्ठ्यातल्या नळ्या उभ्या राहतील असंच कापायला हवं, वजन त्या नळ्याच पेलतात. मी रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये ३१ वर्षं काढली, तरी घाईत बाजूचे पुठ्ठे आडवे कापले. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा ओरडत आला, "आबा, रॅक झोपला!"

चिकटवायला मैद्याची खळ केली. बाइंडिंगवाले खळीत मोरचूद घालतात, कीड लागत नाही; पण ते विष, आणि धाकट्याची बोटं सारखी तोंडात, म्हणून घातलं नाही. दुसरी अक्कल कूलरने शिकवली. लवकर वाळावं म्हणून कपाटाच्या खणातले कप्पे मी कूलरसमोर मांडले, तर तासाभरात नरम पडून वाकले. ओली हवा ती, वाळवणार कशी? नंतर गच्चीच्या जिन्यात ठेवले, तिथल्या झळेने अर्ध्या तासात खडखडीत. वर सपाट पाटा ठेवला होता, म्हणून वाकलेही नाहीत.

आता दुकानाची तक्रार. १२ किलोत दोन खोकी वरून कोरडी आणि बुडाला ओली निघाली. पुठ्ठा पाणी पितो, म्हणजे आपण पाण्याचेही १५ रुपये किलोने मोजतो, आणि एकदा नळ्या चेपल्या की वाळवूनही त्यात जोर येत नाही. तिसऱ्यात झुरळांची अंडी. पदर जोडायला स्टार्चचा गोंद असतो, झुरळांना तो मेजवानीच. परत नेली तर त्याने कुरकुर न करता बदलून दिली, पण रिक्षाचे पैसे गेले ते गेलेच. तेव्हा तिथेच प्रत्येक खोकं उलटं करा, बुडावर तळहात फिरवा, मगच काट्यावर चढू द्या. सुट्टीच्या दिवशी सकाळी जाऊ नका, घरोघरची रद्दी येते तेव्हा तो कोणाकडे बघत नाही.

गणपतीच्या मखरासाठी कूलरचं मोठं खोकं बाजूला काढून ठेवायला सांगून आलोय. आगाऊ पैसे घेतले नाहीत. दुकानाच्या पत्र्याकडे बोट दाखवून म्हणाला, "काका, ठेवतो, पण पावसात हे गळतं. मग माझ्यावर येऊ नका."