कपाळावरचं भिंग आणि बोटभर गोलंदाज: सात महिन्यांच्या वापरानंतर

कापसाची दुसरी वेचणी चालू होती तेव्हा हे भिंग घेतलं, आता मृग लागला आहे. पट्ट्याने डोक्याला बांधायचं, डोळ्यांसमोर झडपेसारखी काच, वर छोटा दिवा. सोबत 1.5 पटीपासून 3.5 पटीपर्यंतच्या बदलायच्या काचा. किंमत आठशेच्या आत.

मी 53 वर्षांचा, अकोट तालुक्यात खारपाणपट्ट्यातल्या गावात शेती करतो. टेबलावर फासे टाकून खेळायच्या लढायांचे सैनिक रंगवायचा नाद नागपूरला शिकायला असताना लागला. हे सैनिक साधारण 28 मिमी उंचीचे, डोळा मिलिमीटरभरही नसतो. पंचविशीत मी साठ वॅटच्या पिवळ्या बल्बखाली चष्म्याशिवाय बुबुळं काढायचो आणि एका रात्रीत सहा चेहरे उरकायचो. पंचेचाळिशीत सैनिक हळूहळू डोळ्यांपासून लांब धरू लागलो. डोळ्यातलं भिंग वयानुसार ताठर होतं, जवळचं पाहताना त्याला पुरेसं फुगता येत नाही. आपल्याकडे त्या चष्म्यालाच चाळिशी म्हणतात, इतकं ते ठरलेलं. पण +2 च्या चाळिशीतून पेपर वाचता येतो, बुबुळ दिसत नाही. मधली चार वर्षं मी ब्रश हातात घेतला नाही, आणि त्या वर्षांचं मला अजून वाईट वाटतं.

पुन्हा बसलो ते आडगावसाठी. आमच्याच भागातल्या आडगावला 29 नोव्हेंबर 1803 रोजी नागपूरकर भोसल्यांची फौज ईस्ट इंडिया कंपनीचा सेनापती आर्थर वेलस्ली याच्याशी लढली. सुरुवातीला भोसल्यांच्या तोफांच्या माऱ्याने कंपनीच्या काही पलटणी उधळल्या होत्या, वेलस्लीला त्या स्वतः गोळा करून पुन्हा उभ्या कराव्या लागल्या. त्या तोफा डागणारे गोलंदाज मला नीट रंगवायचे आहेत.

आता भिंगाबद्दल. पहिली चूक सगळेच करतात, मीही केली: हौसेने 3.5 ची काच लावली. पट जितकी जास्त, तितकी वस्तू चेहऱ्याजवळ धरावी लागते. या काचेखाली सैनिक नाकापासून चार बोटांवर येतो, ब्रशची दांडी काचेला लागते, नाक स्पष्ट दिसलं तर कान धूसर होतो. 2 पटीच्या काचेखाली साधारण वीतभर अंतर मिळतं आणि दोन्ही मनगटं एकमेकांना टेकवून हात स्थिर ठेवता येतो. आता चेहऱ्याला 2, पागोटं आणि अंगरख्याला 1.5. बाकी काचा डब्यात. चष्मा काढायची गरज नाही, भिंग त्याच्यावरून बसतं.

वरचा दिवा मात्र कामाचा नाही. उजेड निळसर आणि सरळ समोरून पडतो, त्यामुळे घड्यांची सावलीच दिसत नाही. डावीकडून वेगळा टेबललॅम्प हवाच. वय वाढतं तशी डोळ्यातली बाहुली लहान होते, आतलं भिंग पिवळट होतं, म्हणून उजेड जास्त लागतो आणि निळ्या छटा फसवतात. मी निळा समजून लावलेला एक शेला सकाळी ओसरीत पाहिला तर जवळजवळ काळा होता. तेव्हापासून निळा रंग दिवसाच मिसळतो.

आमच्याकडचा उन्हाळा ही वेगळी परीक्षा. पारा 45 च्या वर गेला की अ‍ॅक्रिलिक रंग ब्रशच्या टोकावरच सुकतो. जेवणाच्या चपट्या डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर आणि पेपरावर रंग, असं केलं की तो तासभर टिकतो. कूलरचा झोत थेट टेबलावर घेऊ नका. पाणी बोअरचं वापरू नका, खाऱ्या पाण्याने सुकल्यावर पांढरी खार उमटते. मी इन्व्हर्टरच्या बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी वापरतो. घामाने पट्ट्याचा फोम वैशाखातच भुगा झाला. त्या जागी आईने जुन्या धोतराची घडी शिवून दिली, ती फोमपेक्षा चांगली आहे. शिवताना म्हणाली, "काहून रे, तेवढ्याशा मानसाच्या डोयासाठी सोताचे डोये फोडतं?" तिची काळजी खरी आहे. चाळीस मिनिटांनंतर मान आखडते आणि डोकं दुखतं, म्हणून मोबाईलवर गजर लावूनच बसतो. काच प्लॅस्टिकची आहे, कोरड्या फडक्याने पुसली की ओरखडे पडतात.

भिंग वापरताना सगळ्यात जास्त वेळ गेला तो ते वर कधी करायचं हे शिकायला. 2 पटीखाली प्रत्येक चूक डोंगराएवढी दिसते. पहिल्या गोलंदाजावर मी अकरा संध्याकाळी घातल्या, मिशीची कड चार वेळा दुरुस्त केली. मग तो टेबलावर ठेवून हातभर लांबून पाहिला तर मिशी दिसतच नव्हती आणि अख्खा माणूस फिका, सपाट वाटत होता. लांबून दिसायला सावली गडद आणि उजळ कड ठळक लागते. तरुणपणी डोळा आपोआप जवळ-लांब जायचा, त्यामुळे हे कधी शिकावंच लागलं नाही. आता प्रत्येक रंगानंतर भिंग वर करतो, हात लांब करतो, पाहतो, मगच पुढचा रंग. साध्या शिपायांची बुबुळं काढणं सोडलं, भुवईखाली तपकिरी सावली पुरते. बुबुळं फक्त जमादाराला आणि घोडेस्वारांना. महिन्याला तीन सैनिक होतात. पूर्वीच्या साठांपेक्षा हे तीन मला जास्त आवडतात.

घ्यावं का? चाळिशी लागली असेल आणि ब्रश ठेवून दिला असेल तर नक्की घ्या, पण लॅम्पचे पैसे आधी बाजूला काढा.

बारा वर्षांचा पुतण्या तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी रंगवायला माझ्या टेबलाशी बसायचा, तो आता रोज येतो. भिंग लावून पाहिलं आणि लगेच काढलं, "मोठेबाबा, याच्यानं तं अंधुक दिसते." त्याला गरजच नाही. मग आम्ही कामं वाटून घेतली: पागोट्यांच्या घड्या माझ्या, बुबुळं त्याची. तोफेवरचे चौदा जण बाकी आहेत. पेरणी आटोपली की बसू.