पणजीत दुकानाचं नूतनीकरण: काचेची दर्शनी बाजू की कौलारू पडवी?

काच झटपट बसते आणि माल रस्त्यावरून दिसतो. पण दुकान पश्चिमेला तोंड करून असेल, तर दुपारभर एसीला उसंत नाही.

पडवी, चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत आणि उतरतं छप्पर यांना वेळ लागतो, शिवाय पावसाळ्यापूर्वी कौलं परतावी लागतात. तरी माझं मत पडवीलाच. गोव्यात जून ते सप्टेंबर 3000 मिमीच्या आसपास पाऊस पडतो. वळचण पुढे काढलेली असली की भिंतीला ओल धरत नाही, गिऱ्हाईक आडोशाला छत्री मिटून निवांत आत येतं. वाटसरूलाही आसरा मिळतो, आणि बाजारपेठेत तो हवाच.

पणजीतल्या फोंतेन्यास या जुन्या वस्तीत मात्र आधी परवानगीचं बघा. तो भाग संवर्धन क्षेत्रात येतो, दर्शनी भाग मनासारखा बदलता येत नाही.