पोस्टग्रेसचा पासवर्ड: एमडी५ ठेवायचं की स्क्रॅमवर जायचं?

इंदूरच्या सियागंजातल्या घाऊक पेढीचं बिलिंग असो की राजेंद्रनगरातल्या एखाद्या संस्थेची सभासदयादी, पोस्टग्रेस या डेटाबेसचा सर्व्हर सांभाळणाऱ्याला पासवर्ड तपासायच्या पद्धतीची ही निवड आज ना उद्या करावीच लागते. कोणाला कुठून कोणत्या पद्धतीने आत घ्यायचं, ते पीजी_एचबीए फाईलमध्ये ओळीओळीने लिहिलेलं असतं.

नेटवर्कवर 'ट्रस्ट' ही पद्धत नकोच; तिथे पासवर्ड विचारलाच जात नाही. 'पासवर्ड' नावाची पद्धत तो उघडाच पाठवते, म्हणजे टीएलएस (जोडणीचं एन्क्रिप्शन) नसेल तर तीही बाद. सर्व्हरवरच चालणाऱ्या बॅकअपसारख्या कामांना 'पीअर' उत्तम: लिनक्सचा युजर कोण ते पाहून आत घेतं, स्क्रिप्टमध्ये पासवर्ड लिहून ठेवावा लागत नाही.

खरा प्रश्न एमडी५ आणि स्क्रॅमचा. एमडी५ मध्ये पासवर्डला युजरचं नाव जोडून हॅश, म्हणजे उलट न फिरवता येणारा सांकेतिक ठसा, काढतात, त्यामुळे दोन सर्व्हरवर नाव-पासवर्ड सारखे असले तर हॅशही सारखाच. त्याहून वाईट म्हणजे लॉगिनला तो हॅशच पुरतो, पासवर्ड फोडावाही लागत नाही. पीजी_डंपऑल या पोस्टग्रेसच्याच साधनाने काढलेल्या पूर्ण बॅकअपमध्ये हे सगळे हॅश असतात. तो बॅकअप पेनड्राइव्हवर दुकानातून घरी नेत असाल तर विचार करा, खिशात काय आहे! स्क्रॅम २०१७ साली आवृत्ती १० मध्ये आलं. ते प्रत्येक पासवर्डला वेगळं सॉल्ट (यादृच्छिक भर) लावतं, हॅशिंग ४०९६ वेळा करतं आणि सर्व्हरवर साठवलेल्या नोंदीवरून थेट लॉगिन होत नाही. २०२१ च्या आवृत्ती १४ पासून डीफॉल्ट तेच आहे.

एमडी५च्या बाजूने बोलायला एकच मुद्दा उरतो, जुने क्लायंट, म्हणजे सर्व्हरला जोडणारे जुने प्रोग्राम. जावा प्रोग्रामना पोस्टग्रेसशी जोडणारा जेडीबीसी ड्रायव्हर ४२.२.० च्या आधीचा असेल तर स्क्रॅम दिसलं की 'ऑथेंटिकेशन टाइप १० इज नॉट सपोर्टेड' सांगून थांबतो. पण एका जुन्या मशीनपायी सगळ्यांना एमडी५वर ठेवणं मला मुळीच पटत नाही. त्या मशीनचा आयपी आणि त्याचा वेगळा युजर यांची एमडी५ ओळ सर्वांत वर टाका, कारण पहिली जुळलेली ओळच लागू होते. त्या युजरचा पासवर्ड मात्र तूर्त बदलू नका, नाहीतर नवा पासवर्ड स्क्रॅममध्ये साठवला जाऊन ते मशीन अडेल.

बाकीच्यांसाठी आधी पासवर्ड_एन्क्रिप्शन हे सेटिंग (नवे पासवर्ड कसे साठवायचे ते ठरवणारं) स्क्रॅमवर आणा, मग एकेकाचा पासवर्ड नव्याने घाला. तोवर एमडी५च्या ओळी तशाच राहू द्या. ज्याचा पासवर्ड स्क्रॅममध्ये साठवला गेला त्याच्याशी सर्व्हर आपणहून स्क्रॅमनेच बोलतो, काम अडत नाही. सगळे झाले की त्यांच्या ओळी स्क्रॅमच्या करा, पीजी_एचबीए_फाइल_रूल्स या फाईल तपासून दाखवणाऱ्या यादीत चूक दिसते का ते पाहा आणि मगच रीलोड करा.