वनरक्षक, संस्था की रेस्क्यू पथक? मानव-वन्यप्राणी संघर्षाच्या कामात उतरण्याआधी

बिबट्याला विहिरीतून वर काढतानाचे, भुलीचं इंजेक्शन मारतानाचे व्हिडिओ बघून या कामाकडे वळणारी बरीच मुलं-मुली भेटतात. प्रश्न बहुतेक एकच असतो: वनरक्षकाची भरती द्यायची, एखाद्या संस्थेत फील्डवर लागायचं, की रेस्क्यू टीमला जोडून घ्यायचं? उत्तराआधी एक गोष्ट सांगून टाकतो, कारण पुढची सगळी तुलना तिच्यावर उभी आहे. या कामात प्राणी फार क्वचित दिसतो. दिसतात ती माणसं. शेळी गेलेली म्हातारी, लाइट रात्रीचीच येते म्हणून दोन वाजता उसाला पाणी द्यायला निघालेला शेतकरी, ‘पिंजरा आजच्या आज लावा’ म्हणून अडून बसलेले सरपंच, मोबाइल उंच धरून विहिरीच्या कठड्यावर चढलेली गर्दी. कोणता प्राणी आवडतो यावरून रस्ता ठरवू नका. या माणसांपुढे तुम्हाला कोणत्या नात्याने उभं राहणं जमेल, त्यावरून ठरवा.

वनरक्षक: अधिकार तुमचा, राग पण तुमच्यावरच

आधी व्यवहाराचं बोलू. पात्रता बारावी, आणि त्यात विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी एक विषय हवा. वेतनश्रेणी एस-7, म्हणजे मूळ पगार 21,700 पासून पुढे, वर भत्ते. 2023 मध्ये दोन हजारांवर पदांची मोठी भरती निघाली होती. लेखी परीक्षेनंतर धावणं: मुलांना 5 किलोमीटर 30 मिनिटांत, मुलींना 3 किलोमीटर 25 मिनिटांत. निवड झाल्यावर चालण्याची परीक्षा वेगळी, मुलांना चार तासांत 25 किलोमीटर आणि मुलींना 16. वयोमर्यादा मात्र इतर गट-क पदांपेक्षा बरीच कमी आहे, आणि भरती दरवर्षी निघेल याची खात्री नाही. हे दोन मुद्दे एकत्र वाचा.

आता काम. वनरक्षक म्हणजे संघर्ष-तज्ज्ञ नव्हे. त्याच्या बीटात, म्हणजे नेमून दिलेल्या जंगलाच्या पट्ट्यात, वणवा, चोरटी तोड, अतिक्रमण, रोपवन, पाणवठे, गणना हे सगळं असतंच, आणि त्यावर संघर्ष. जुन्नरसारख्या ठिकाणी तो बाकी सगळं गिळून टाकतो, एवढंच. रोजच्या कामात सर्वांत जास्त काय असेल, तर पंचनामा. गाय किंवा शेळी मारली गेली तर मालकाने 48 तासांच्या आत कळवायचं असतं आणि मेलेलं जनावर जागचं हलवायचं नसतं. तुम्ही पोचता तेव्हा ते फुगलेलं असतं, माश्या घोंघावत असतात, मालक बाजूला उकिडवा बसलेला असतो. गळा बघायचा. बिबट्याने धरलं असेल तर गळ्यावर किंवा मानेवर सुळ्यांची खोल भोकं सापडतात. ओढत नेल्याचा माग जमिनीवर दिसतो. भटक्या कुत्र्यांनी मारलं असेल तर मागच्या मांड्या, पोट असं कुठूनही फाडलेलं असतं. बिबट्या असेल तर भरपाई, कुत्री असतील तर काही नाही. आणि हे ‘काही नाही’ त्या माणसाच्या तोंडावर तुम्हालाच सांगायचं असतं. तो तुमच्याच गावचा असू शकतो. ‘साहेब, लिहा की बिबट्या’ ही विनंती पहिल्याच महिन्यात कानावर येईल. पिकाच्या नुकसानीत तलाठी आणि कृषी सहायकही सोबत लागतात. तिघांची वेळ जुळवणं हे एक स्वतंत्र कौशल्य आहे, ते कुठल्याही प्रशिक्षणात शिकवत नाहीत.

दुसरा ताण कायद्याचा. बिबट्या, वाघ, हत्ती ही पहिल्या अनुसूचीतली, म्हणजे कायद्याने सर्वांत जास्त संरक्षण दिलेली जनावरं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 11 प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकाच्या परवानगीशिवाय त्यांना पकडता येत नाही, आणि ते बसतात नागपूरला. गावाला पिंजरा संध्याकाळपर्यंत हवा असतो. मधल्या वेळात गावात खाकी घालून उभे असता तुम्ही. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात थोड्या दिवसांत बिबट्याने माणसं मारली, तेव्हा जमावाने वनखात्याची गाडी पेटवली. महामार्ग अडला. माणूस गेला तर शासन 25 लाख देतं, पण त्या रात्री हा आकडा कोणी ऐकून घेत नाही, आणि घेऊही नये.

एवढं असूनही हा रस्ता मी वर ठेवतो. नोकरी कायम, आजारपणाला आधार, जप्ती-अटकेचा अधिकार हातात, आणि बढतीने वनपाल होता येतं. शिवाय एखाद्या वस्तीत बिबट्या वारंवार येतोय हे साहेबांच्या आधी तुम्हाला कळतं. गोठ्याला जाळी बसवा, मेलेल्या कोंबड्या ओढ्यात टाकू नका, शेतात वाकून काम करताना एकटं राहू नका, हे वेळेत सांगणारा वनरक्षक असला की त्या वस्तीतल्या कित्येक घटना घडायच्याच राहतात. त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरात होत नाही.

संस्था: ‘का’ विचारायला मिळतं, पण प्रकल्पापुरतंच

संस्थेतल्या फील्ड कर्मचाऱ्याकडे काठीही नसते आणि अधिकारही नसतो. ट्रॅप कॅमेरे लावणं, विष्ठेचे नमुने गोळा करणं, घरोघरी प्रश्नावली भरून घेणं, शाळेत आणि ग्रामसभेत बोलणं हे त्याचं काम. गावाला तो सुरुवातीला वनखात्याचा माणूस वाटतो आणि वनखात्याला गावाचा. दोन्ही गैरसमज फिटायला एक हंगाम जातो.

या रस्त्याचं मोल कळायला जुन्नरचंच उदाहरण पुरेसं आहे. 2001 ते 2003 च्या सुमारास तिथे बिबटे पकडून दूर सोडण्याचा सपाटा लागला होता. उद्देश चांगलाच होता. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी पुढे नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चार होते ते या मोहिमेनंतर सतरावर गेले. पकडलेला बिबट्या अनोळखी मुलखात भेदरलेला सुटतो, आणि त्याची मूळ जागा दुसरा बिबट्या घेतो. अकोले तालुक्यातल्या शेतीच्या पट्ट्यात कॅमेरे लावून केलेला त्यांचा अभ्यास 2013 मध्ये आला: 100 चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे, तेही जंगल नसलेल्या, दाट वस्तीच्या भागात. हे कळायला कोणीतरी रोज कॅमेऱ्याचे सेल बदलत, चिखलात माग मोजत फिरलं होतं. तुम्ही ते ‘कोणीतरी’ असाल.

आणि इथेच या रस्त्याची दुखरी बाजू आहे. नेमणूक प्रकल्पापुरती असते. निधी संपला की तुमचं कामही संपतं. पुढे जायचं तर पदव्युत्तर शिक्षण आणि इंग्रजीत अहवाल लिहिणं, दोन्ही लागतं. मराठी माध्यमातून आलेली, रान पाठ असलेली पोरं वर्षानुवर्षं ‘फील्ड असिस्टंट’ राहतात आणि शहरातून आलेला नवखा वर्षभरात त्यांचा वरिष्ठ होतो, हे मला पटत नाही, पण होतं असंच. तेव्हा इथे गेलात तर पहिल्या दिवसापासून नोंदी स्वतःच्या हाताने संगणकावर भरा, नकाशे काढायला शिका. नुसते पायांवर विसंबून राहिलात तर पाय थकल्यावर हातात काही उरत नाही.

रेस्क्यू पथक: सर्वांत दिसणारं, सर्वांत कमी हमीचं

वनखात्याचं जलद प्रतिसाद दल असतं, काही ठिकाणी संस्था खात्यासोबत पथक चालवतात. जुन्नरजवळच्या माणिकडोह बिबट निवारा केंद्रात वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेचे लोक असंच काम करतात. विदर्भात वाघांच्या गावांमध्ये स्थानिक तरुणांची प्राथमिक प्रतिसाद दलं आहेत. त्यांचं काम प्राणी पकडणं नसून गर्दी आवरणं आणि खबर देणं आहे, आणि मला विचाराल तर तेच जास्त अवघड आहे.

भुलीची बंदूक तुमच्या हातात येईल या भ्रमात राहू नका. औषधाचं प्रमाण ठरवतो तो पशुवैद्य. डार्ट लागल्यावर जनावर जागीच कोसळत नाही, दहा-पंधरा मिनिटं जातात, आणि तेवढ्यात ते उसात शिरलं तर शोधायला तुम्हालाच जायचं असतं. विहिरीत पडलेल्या बिबट्याला आधी दोरांनी बाज सोडतात, म्हणजे दमलेलं जनावर तिच्यावर चढून बसतं. मग पिंजरा खाली जातो. सगळं शांतपणे चाललं तर तो आपणहून आत शिरतो. पण कठड्याभोवती पाचशे माणसं असतात, कोणी दगड मारतं, कोणी शिट्टी वाजवतं. पथकातली निम्मी माणसं बिबट्याकडे पाठ करून लोकांकडे तोंड करून उभी असतात. नव्या भरतीला ते काम मिळतं.

सुंदर कामही आहे. ऊसतोडणी सुरू झाली की फडात बिबट्याची पिल्लं सापडतात. कोयता चालवणारी बाई पाचट बाजूला करते आणि दोन-तीन मुठीएवढे ठिपकेदार गोळे डोळे मिटून पडलेले असतात. पशुवैद्य तपासतो, आणि मग ती प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये घालून संध्याकाळी जिथे सापडली तिथेच ठेवतात, झाकण हलकं. समोर कॅमेरा लावून सगळे लांब सरकतात. त्या शेतमालकाला रात्रभर शेताकडे फिरकू नका, तोडही दोन दिवस थांबवा, हे पटवून द्यावं लागतं. कारखान्याची गाडी त्याच्या दारात उभी असते आणि तोड थांबली की त्याचं नुकसान असतं. आई आली तर क्रेट लवंडून एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. आली नाही तर दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. पिल्लं नुसती उचलून नेली तर बिथरलेली मादी त्याच शेताभोवती घुटमळते, आणि सकाळी तिथे टोळी पुन्हा कोयते घेऊन उतरणार असते. म्हणून हा सगळा उपद्व्याप.

पण पैसा? बहुतेकांना रोजंदारी किंवा कंत्राट. फोन रात्री दोनला येतो, सुट्टी कागदावर. रीलवर लाखभर लोक बघतात आणि घरभाडं थकलेलं असतं, अशी माणसं या क्षेत्रात आहेत.

कुठे जाल, त्यावर पण बरंच आहे

जुन्नर-शिरूर-आंबेगावच्या पट्ट्यात काम वस्तीतलं आहे. ऊस, बागायत, मोटारसायकल, पैसा आणि राजकारण. इथे बोलता येणं हे पहिलं कौशल्य.

चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे वाघ. मोहफुलं वेचायला पहाटे, तेंदूपान तोडायला उन्हाळ्यात माणसं रानात जातात, कारण त्या दोन महिन्यांच्या कमाईवर घर चालतं. ‘जंगलात जाऊ नका’ एवढंच सांगणाऱ्याला तिथे कोणी विचारत नाही. धोका कर्मचाऱ्यालाही तेवढाच. 20 नोव्हेंबर 2021 ला ताडोबात गणनेच्या कामासाठी पायी चाललेल्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीने जीव घेतला. घरच्यांशी बोलणं करूनच या भागाचा विचार करा.

सिंधुदुर्गातलं दोडामार्ग हा तिसराच प्रकार. कर्नाटकातून 2002 मध्ये हत्ती आले आणि केळी, माड, सुपारी यांची चव लागली ती लागलीच. 2015 मध्ये त्याच जिल्ह्यातल्या माणगाव खोऱ्यात तीन हत्ती पकडले, त्यातले दोन बंदिवासात मेले. तिथे हाकारी म्हणून स्थानिक मुलं रात्र-रात्र हत्तींच्या मागे असतात. काम पायांचं आणि जागरणाचं, मोबदला रोजंदारीचा. पंधरा वर्षं वाढवलेला माड एका रात्रीत आडवा झालेला बघून मालकाशी काय बोलायचं, याचं उत्तर नुसतं भरपाईच्या दर-सूचीत सापडत नाही.

मग माझा सल्ला

वय शिल्लक असेल आणि घरी नियमित पैसा लागत असेल तर वनरक्षकाची तयारी हाच मुख्य रस्ता धरा. भरतीची वाट बघताना एखाद्या संस्थेत वर्षभर काम करा, म्हणजे पुढे बीटात उतरताना निदान वाघाचा आणि बिबट्याचा माग वेगळा ओळखता येईल. विज्ञानाची पदवी आहे, प्रश्न पडतात, आणि दोन-तीन वर्षं कमी पैशांत निभावण्याची घरची सोय आहे, तर संस्था. पशुवैद्यकाची पदवी घेण्याइतके गुण आणि धीर असेल तर ती घ्याच; रेस्क्यूमध्ये ज्याचा शब्द चालतो तो माणूस तोच. नुसतं रेस्क्यू पथक हा पोटापाण्याचा एकमेव आधार करू नका. शेती किंवा दुसरा धंदा सांभाळून करणारे त्यात जास्त टिकलेत.

पथकात किंवा संस्थेत जाणारच असाल तर जाण्याआधी चार गोष्टी विचारा. अपघात विमा कोणाच्या नावाने आहे आणि हप्ता कोण भरतं. रेबीजची आगाऊ लस देतात का. वनखात्याचं लेखी पत्र तुमच्या नावासकट आहे का, कारण परवानगीशिवाय वन्यप्राणी हाताळणं हा तुमच्यावरच गुन्हा होतो. आणि जखमी झालात तर त्या महिन्यांचा पगार मिळतो का. उत्तरं तोंडी मिळाली तर लिहून मागा. लिहून द्यायला कां-कूं करत असतील तर बिबट्या कितीही जवळून दाखवत असले तरी दुसरीकडे अर्ज टाका.